पाटलोण परत चढवा

पत्र फ्रान्सहून आलं होतं. ते घेऊन इलियास हिमरूवाला थेट काकासाहेबांच्या ओसरीवर आला, तेव्हा त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी आधी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि मग चहाचं आधण ठेवलं.

त्याला कारण होतं. काकासाहेब बिडकीनकर हे औरंगाबादच्या कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज उर्दूत नाहीतर इंग्रजीत लिहून द्यायचे, हा त्यांचा पेशा. पण शहरात त्यांचं नाव होतं ते फ्रेंचसाठी. पहिल्या महायुद्धात ते मार्सेल्सच्या बंदरावर, हिंदी रिसाल्यांच्या घोड्यांच्या डेपोत दीड वर्ष कारकून होते. त्या दीड वर्षात त्यांना फ्रेंचची अकरा वाक्यं येऊ लागली. त्यांतली सात घोड्यांशी बोलायची होती. परत आल्यावर वीस वर्षं त्यांनी ती अकरा वाक्यं गुलमंडीपासून शहागंजापर्यंत अशी काही फिरवली की, काकासाहेबांना फ्रेंच येतं ही गोष्ट गावात पाणचक्कीइतकी पक्की झाली. सुदैवानं या वीस वर्षांत फ्रेंच कागद घेऊन कोणी आलं नव्हतं. ते आज आलं.

"काकासाब, लुसीबाईचा कागद हाय," इलियास म्हणाला. "ती नाय का, दोन सालामागं अजिंठ्याची चित्रं बघायला आलती? माझ्याकडून हिमरूची शाल घेऊन गेली. तिनं याद ठेवली बगा!"

काकासाहेबांनी चष्मा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. मग पत्र उघडलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण ते तोडक्यामोडक्या का होईना, इंग्रजीत होतं. लुसीबाईंच्या बहिणीचं आल्प्स डोंगरातल्या एका गावी दुकान होतं. हिवाळ्यात तिथं इंग्रज लोक 'स्की' करायला येत. त्यांना विकायला तिला हिमरूचे साठ मफलर हवे होते. काकासाहेब वाचत गेले आणि इलियासचा चेहरा उजळत गेला. हातमागावर विणलेल्या हिमरू कापडाला हल्ली गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्याच्या सहा मागांपैकी पाचांवर धूळ बसली होती आणि त्याचे दोन मेहुणे मुंबईच्या गिरणीत निघून गेले होते. साठ मफलर म्हणजे सगळे माग पुन्हा खडखडणार होते.

"अल्ला तिचं भलं करो," इलियास म्हणाला. "आनि ह्या खालच्या वळी कशाच्या?"

खालच्या ओळी फ्रेंच होत्या. एकूण आठ शब्द. लुसीबाईंची कल्पना अशी होती की, मफलरच्या एका टोकाला स्कीच्या कामातला फ्रेंच शब्द विणायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याचा इंग्रजी अर्थ. इंग्रज पाहुणे हसत हसत फ्रेंच शिकतील आणि मफलरही घेतील. 'माझं इंग्रजी कच्चं आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण तुमच्या देशात इंग्रजी जाणणारे विद्वान पुष्कळ. त्यांच्याकडून अर्थ लिहून घ्या. माल दसऱ्याच्या सुमारास मुंबईहून निघाला पाहिजे.'

"इंग्रजी आनि फ्रेंच, दोनी येनारा मानूस," इलियास हात जोडून म्हणाला, "आख्ख्या सुभ्यात तुमच्याबिगर कोन हाय?"

इलियासची बायको वहिदा आत मनकर्णाबाईंजवळ बसली होती. ती दाराआडून म्हणाली, "छावनीतले फादरसाब हायेत ना! ते तर तिकडलेच हायेत. त्यांनला पुसलं तर?"

काकासाहेबांना हे लागलं. "वहिदाबी, फादर देवाधर्माचं फ्रेंच जाणतात. हे कामकाजाचं फ्रेंच आहे. आणि फादर वैजापूरकडं खेड्यांतून फिरतायत, दिवाळीशिवाय येत नाहीत. इलियास, तू उद्या सकाळी ये."

इलियास गेला. काकासाहेब दुपारभर कागदापुढं बसले. मनकर्णाबाई ज्वारी पाखडता पाखडता मधूनच बघत होत्या.

"येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय. जरा गंजलंय."

"अवो, नाय येत म्हणून सांगा की. इलियास काय तुम्हाला फासावर देतोय?"

"वीस वर्षं गाव मला काय म्हणून ओळखतंय?"

"ते म्याच वळखते," असं म्हणून मनकर्णाबाईंनी सुपातला कोंडा जरा जोरातच उडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलियास वहिदाला घेऊन आला तेव्हा काकासाहेबांचा चेहरा मात्र प्रसन्न होता. त्यांना नुसते शब्द नव्हे, सगळं गावच उलगडलं होतं.

"हे बघ इलियास. आधी 'स्की'. बाईंचं स्पेलिंग चुकलंय. स्काय म्हणायचंय तिला. स्काय म्हणजे आभाळ. डोंगरावर हवा स्वच्छ, आभाळ निळंभोर. इंग्रजाला त्याच्या देशात आभाळ दिसतच नाही, सदा धुकं. म्हणून बिचारे आभाळ बघायला येतात."

"आभाळ बघायला एवढ्या दूर?" इलियास हळहळला.

"आता शब्द. पहिला, स्तासियाँ. म्हणजे स्टेशन. लोक आगगाडीनं येतात, स्टेशनावर उतरतात. मी नुसतं स्टेशन नाही लिहिलं, रेल्वे स्टेशन लिहिलंय, घोटाळा नको. दुसरा, पिस्त."

"पिस्ता!" इलियास आपणहून म्हणाला.

"बघ, तुला सुद्धा आलं. थंडीत माणूस पिस्ते खाणारच. इंग्रजीत पिस्टॅशिओ. तिसरा, मोनितर. शाळेत वर्गाचा मॉनिटर असतो ना, तोच. क्लास मॉनिटर."

"शाळा कुटून आली?"

"लोक पोराबाळांना घेऊन येत असतील. पोरांची शाळा नको का? चौथा, बातों."

"हा तर आपलाच लफ्ज," इलियास खूश झाला. "बातों. म्हंजे बाता. थंडीत बसून बाता मारतात."

"नाही. बातों म्हणजे काठी," काकासाहेब ठामपणे म्हणाले. हा शब्द त्यांना खरोखर येत होता, कारण डेपोतला फ्रेंच हवालदार दिवसातून दहा वेळा तो उच्चारून हातातली काठी दाखवायचा. "स्टिक."

इलियासला एवढा एकच अर्थ पटला नाही, पण विद्वान माणसापुढं तो काय बोलणार!

"पाचवा, शास-नेज. शास म्हणजे शिकार, नेज म्हणजे बर्फ. बर्फातली शिकार! हंटिंग इन स्नो. आणि लगेच सहावा काय आहे बघ. शूत. म्हणजे शूट! शिकार आली म्हटल्यावर बंदूक येणारच. सातवा, देसांत. म्हणजे डिसेंट. सभ्य. शिकारीला येणारे बडे लोक, सभ्य असणारच."

"आनि शेवटला?"

काकासाहेबांनी आवाज खाली आणला. "हा अवघड होता. रेमोंत-पेंत. दुसऱ्या कोणाला आला नसता. पण मी होतो रिमाउंट डेपोत. घोडा मेला, की स्वाराला दुसऱ्या घोड्यावर परत चढवायचं, हे आमच्या डेपोचं काम. रिमाउंट म्हणजे परत चढवा. आणि पेंत?"

इलियासनं मान हलवली.

काकासाहेबांनी स्वतःच्या पायांकडं बोट दाखवलं. "पँट. पाटलोण परत चढवा. पुट ऑन ट्राउझर्स अगेन."

इलियासनं आपल्या पायजम्याकडं पाहिलं.

"पन ती उतरवली कशापायी?" दाराआडून वहिदा म्हणाली.

"बर्फात पडल्यावर ओली होणार नाही का? वाळवायची आणि परत चढवायची. सरकारी पाटी असते तशी ही सूचना आहे," काकासाहेब म्हणाले. त्यानंतर कोणाला काही विचारायचं उरलं नाही, कारण सगळं एकमेकांत इतकं नीट बसत होतं.

माग सुरू झाले. जाफर गेटजवळच्या इलियासच्या बोळात दोन वर्षांनी सहा माग एकदम वाजू लागले. मेहुण्यांना तार गेली आणि ते गिरणी सोडून आले. हिमरूच्या वेलबुट्टीत अक्षरं बसवणं काही साधं काम नव्हतं. इलियासला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याच्या लेखी ती अक्षरंही बुट्टेच होती. त्यामुळं त्यानं ती फार मन लावून विणली. नुसती अक्षरं उघडी दिसतात म्हणून त्यानं आपल्या अकलेनं भोवती नक्षीही घातली. स्टेशनाभोवती छोटी छोटी इंजिनं, पिस्त्याभोवती पिस्ते, शूटभोवती मोर. शेवटच्या शब्दाशी तो अडला आणि खास कचेरीपर्यंत चालत आला.

"काकासाब, पाटलोणीला नाडी दावू का बटन?"

"इंग्रजाची पाटलोण आहे," काकासाहेब म्हणाले. "बटन."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाठोडं मनमाडच्या गाडीत चढलं आणि तिथून मुंबईला गेलं. इलियासनं पेढे वाटले. काकासाहेबांनी त्या आठवड्यात अकराच्या अकरा वाक्यं दोनदा म्हणून दाखवली.

दिवाळीनंतर छावणीतले फादर परत आले. वीस वर्षं मराठवाड्यात काढलेला हा पिकल्या दाढीचा माणूस खेड्यातल्या माणसासारखंच मराठी बोलायचा. चर्चमधल्या वेदीसाठी कापड बघायला ते इलियासकडं आले आणि नमुना म्हणून खुंटीला टांगलेल्या आठ मफलरांसमोर थबकले. त्यांनी एकेकाचं एक टोक वाचलं, दुसरं टोक वाचलं. पुन्हा पहिलं वाचलं. मग भिंतीला हात टेकून हळूहळू खाली बसले.

"फादरसाब! पानी आन गं वहिदा!" इलियास घाबरला.

पण फादर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "आरं बाबा," ते दम खात म्हणाले, "मी आल्प्स डोंगरातला हाय. पायाला लांब फळ्या बांधायच्या आन बर्फावरनं घसरत खाली यायचं, त्याला स्की म्हंत्यात. स्तासियाँ म्हंजे स्कीचं गाव. पिस्त म्हंजे घसरायची वाट. मोनितर म्हंजे शिकवनारा. शूत म्हंजे पडनं. देसांत म्हंजे खाली उतरनं. आन ह्ये रेमोंत-पेंत..." त्यांना परत उमाळा आला. "दोरी असती बाबा, दोरी! घसरून खाली आल्येल्या मानसाला परत वर वढायची दोरी!"

"आनि शास-नेज? शिकार?"

"फळ्यांची टोकं जुळवून, बर्फ लोटत, हळू घसरायचं. नवशिके घसरत्यात तसं. शिकार नाय नि काय नाय."

"मग आठातला एक बी बराबर नाय?"

फादरांनी पुन्हा खुंटीकडं पाहिलं. "बातों बराबर हाय. काठी."

इलियासनं कपाळाला हात लावला. साठ मफलर एव्हाना समुद्रापार पोचले होते.

काकासाहेबांना बातमी कळली ती कचेरीबाहेर, भर माणसांत. ते उठले. दौत झाकली, टाक पुसला आणि थेट जाफर गेटला गेले. इलियास रिकाम्या मागापाशी बसला होता.

"इलियास," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "मला फ्रेंच येत नाही. अकरा वाक्यं येतात. त्यांतली सात घोड्यांची आहेत. तुझा धंदा मी बुडवला."

वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. इलियासनं त्यांच्याकडं पाहिलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा काकासाब. मला इंग्रजी येत नाय तरी मी विनलंच ना? तुमी येकटे कुटं गुन्हेगार?"

त्याच्या या बोलण्यानं काकासाहेबांना आणखीच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली, की ते छावणीची वाट धरू लागले. फादरांकडं बसून पाटीवर फ्रेंच गिरवू लागले. बावन्न वर्षांचा माणूस क्रियापदं पाठ करत भडकल गेटाखालून चालत जायचा, तेव्हा टांगेवाले घोडा आवरून वाट द्यायचे. लोक हसले. महिनाभर हसले, मग कंटाळले. काकासाहेब कंटाळले नाहीत. संक्रांतीपर्यंत त्यांना फादरांचं जुनं वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं आणि शिमग्यापर्यंत त्यातल्या चुका सापडू लागल्या.

शिमग्यानंतर लुसीबाईंचं पत्र आलं. इलियासनं ते हातात धरून आणलं ते विंचू आणावा तसं. मागोमाग वहिदाही आली. या वेळी सगळं पत्र फ्रेंच होतं. काकासाहेबांनी चष्मा घातला आणि न अडखळता वाचू लागले. मनकर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याला फ्रेंच वाचताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"काय म्हनती?" इलियास पुढं वाकला. "माल परत धाडती का?"

"थांब," काकासाहेब म्हणाले. त्यांनी एक ओळ दोनदा वाचली. "म्हणते, पहिल्या दिवशी आम्हा बहिणींना कळेना, की इंग्रज लोक दुकानाच्या काचेसमोर उभे राहून एकमेकांच्या पाठी का थोपटतायत. दोन आठवड्यांत माल संपला. एका म्हाताऱ्या जज्जानं पाटलोणीचे चार मफलर नेले, आपल्या लंडनच्या क्लबातल्या मित्रांसाठी. एका पाद्र्यानं डिसेंट घेतला. पिस्त्यावरून दोन बायका भांडल्या. आता दोरी धरून वर जाताना सगळे इंग्रज ओरडतात, पुट ऑन ट्राउझर्स अगेन!"

इलियासनं वहिदाकडं पाहिलं, वहिदानं मनकर्णाबाईंकडं.

"फक्त काठीचे मफलर पडून राहिलेत," काकासाहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले. "त्यात विशेष काही नाही, असं गिऱ्हाइकांचं म्हणणं पडलं."

"फुडं?"

"पुढच्या हिवाळ्यासाठी दोनशे मफलर पाहिजेत. चार नवे शब्द दिलेत. आणि लिहिलंय..." काकासाहेबांनी चष्मा वर सरकवला. "'अर्थ मात्र त्याच थोर विनोदी गृहस्थांकडून घ्यावेत. बरोबर अर्थ सांगणारे इथं पुष्कळ आहेत.'"

इलियासनं काकासाहेबांना मिठीच मारली. दोनशे मफलर म्हणजे वर्षभर माग थांबणार नव्हते. मेहुण्यांना मुंबईला परत जावं लागणार नव्हतं. चहा झाला, वहिदानं काकासाहेबांची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली, आणि मग सगळे काकासाहेबांकडं बघत बसले.

"हां काकासाब. पहिला लफ्ज?"

"स्लालोम," काकासाहेब म्हणाले. "म्हणजे रोवलेल्या झेंड्यांच्या मधून नागमोडी घसरत जाणं."

"ते खरं झालं. आता तुमचं सांगा."

काकासाहेबांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. बऱ्याच वेळानं म्हणाले, "छत्री."

कोणी हसलं नाही.

"छत्री कशी?" वहिदानं विचारलं. "कायतरी वजह तर पायजे."

"मग... कंदील?"

"काकासाब," इलियास हळूच म्हणाला, "पयल्या बारीला तुमी मनापासून चुकला व्हता."

काकासाहेबांना घाम फुटला. शब्दाकडं पाहिलं की त्याचा खरा अर्थ समोर येऊन उभा राहायचा आणि हटायचाच नाही. चार महिने पाटी गिरवून त्यांनी आपल्या हातानं ही वाट बंद केली होती. त्यांनी दुसरा शब्द बघितला, तिसरा बघितला. सगळे येत होते. इतकी वर्षं फ्रेंच येत नाही म्हणून ते भ्याले होते आणि आता येतं म्हणून त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं.

"काय म्हणालात मगाशी?" मनकर्णाबाई दारातूनच म्हणाल्या. "सलाम?"

"स्लालोम."

"सलामच की. इंग्रजीत सलामाला काय म्हंत्यात?"

"गुड मॉर्निंग, सर," काकासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. वहिदा फिसकन हसली. इलियासनं मांडीवर थाप मारली.

"दुसरा सांगा," मनकर्णाबाई पुढं येऊन बसल्या.

"ल्यूज. लहान मुलांची बर्फावरची घसरगाडी."

"ल्यूज म्हंजे लुगडं. नऊ वार."

काकासाहेबांनी टाक बुडवला आणि लिहिलं, नाइन यार्ड्स.

"तिसरा, अवलांश. म्हणजे कडा कोसळावा तसा बर्फ कोसळतो..."

"आवळा आन अंश. आवळ्याचा जरासा तुकडा. चवीपुरता."

"अगं, इंग्रजीत पण त्याला अवलांशच म्हणतात, लोकांना माहीत असतं!"

"तुम्ही मधी बोलू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लिव्हा."

काकासाहेबांनी लिहिलं, अ लिटल गूजबेरी. वहिदा आता तोंडाला पदर लावून लोळायच्या बेतात होती.

"शेवटचा, तेलेफेरिक."

मनकर्णाबाईंना क्षणही लागला नाही. "तेली फेरीवर निघालाय."

"नाही हो!" काकासाहेबांना आता राहवेना. एवढं शिकलेलं सगळं घशाशी आलं होतं. "निदान हे एक तरी ऐका. तेलेफेरिक म्हणजे या डोंगरावरून त्या डोंगरावर पोलादी दोर बांधतात. त्या दोराला खोलीएवढी गाडी टांगतात. तीत वीस माणसं बसतात आणि ती गाडी खोल दरीवरून, अधांतरी, लोंबकळत वर जाते!"

इलियासनं वहिदाकडं बघितलं. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं फार मायेनं पाहिलं.

"अवो," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "चुकायचं म्हणून काय बी सांगावं व्हय? लिव्हा. तेली."

काकासाहेबांनी लिहिलं.